गाडी पळताना हीटर गरम, सिग्नलला थांबली की गार

गाडी चालताना हीटरची हवा गरम आणि थांबली की गार, हे लक्षण बहुतेक वेळा कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) कमी झाल्याचं किंवा त्यात हवा अडकल्याचं असतं. त्यामुळे कुणी लगेच डॅशबोर्ड उघडायला सांगितलं तर आधी थांबा.

पेट्रोल-डिझेल गाडीत हीटर इंजिनचीच उष्णता वापरतो. तापलेलं कूलंट दोन रबरी पाइपांतून डॅशबोर्डच्या आतल्या हीटर कोअरमध्ये फिरतं. हा कोअर म्हणजे छोटा रेडिएटरच. ब्लोअर म्हणजे आतला पंखा त्यातून हवा ढकलतो आणि कोअरमधून किती हवा जाणार ते ब्लेंड डोअरची झडप ठरवते. बऱ्याच गाड्यांत कोअर उंचावर असतो, म्हणून अडकलेली हवा तिथेच साठते. आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, कूलंट फिरवणारा वॉटर पंप हळू फिरतो, कूलंट ती हवा ढकलू शकत नाही. रेस दिली की पुन्हा गरम हवा येते.

इंजिन पूर्ण थंड असतानाच कूलंटचं झाकण उघडा. गरम असताना आतलं कूलंट दाबाखाली असतं, उसळून भाजतं. मॅन्युअलमध्ये सांगितलेलंच कूलंट भरा. कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) असेल तर सहसा निम्मं डिस्टिल्ड वॉटर मिसळा. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा. ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा बाहेर सोडायचा स्क्रू) असेल तर तो सैल करून फुगे थांबून सलग धार येऊ द्या, मग घट्ट करा. झाकण लावून रेडिएटरचा पंखा एकदा लागेपर्यंत इंजिन चालवा, थंड होऊ द्या आणि पातळी परत बघा. ती बहुतेक वेळा थोडी उतरलेली असते.

तरीही गार हवाच आली तर इंजिन तापल्यावर कोअरचे दोन्ही पाइप जपून चाचपा. पंख्यापासून हात लांब ठेवा. दोन्ही कडक गरम असतील तर दोष ब्लेंड डोअरचा किंवा त्याच्या मोटरचा. एक गरम, दुसरा गार असेल तर बहुधा कोअर चोक झालाय. दोन्ही कोमट आणि तापमानाचा काटाही चढत नसेल तर थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) बहुधा उघडाच अडकलाय; तो साधारण ८२ ते ९० अंशांपर्यंत बंद राहायला हवा.

पातळी वारंवार उतरत असेल तर नुसतं भरत राहू नका. पायाखालचं कार्पेट ओलं, गोडसर वास, काचेवर चिकट थर म्हणजे कोअर गळतोय. बाहेर गळती नाही पण सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल तर हेड गॅस्केट (इंजिनच्या दोन भागांमधलं सील) फुटल्याचा संशय घ्या आणि गाडी चालवू नका. गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव मात्र कूलंटमध्ये टाकू नका, त्याने कोअरच्या बारीक नळ्याच बुजतात.