‘द लॉस्ट वर्ल्ड’: बोटीवरच्या माणसांना खाल्लं कोणी?

प्रश्न असा आहे: 1997 चा ‘द लॉस्ट वर्ल्ड: ज्युरासिक पार्क’ आज परत बघण्यासारखा आहे का? त्यात जमलंय काय आणि फसलंय काय?

जमलेलं आधी सांगून टाकतो, म्हणजे फसलेल्यावर निवांत बोलता येईल.

कड्यावर लोंबकळणारी ती गाडी. टी-रेक्स या अजस्र मांसाहारी डायनासोरच्या जखमी पिल्लाला उचलून आत आणलंय, त्याच्या मोडक्या पायाला आधार बांधलाय, आणि आई-बाप दोघंही पिल्लू न्यायला येतात. पिल्लू देऊन टाकलं तरी परत येतात आणि गाडी कड्याखाली ढकलतात. गाडीत अडकलेली नायिका सारा मागच्या काचेवर पडते आणि तिच्या हाताखाली काच हळूहळू तडकत जाते. स्पीलबर्गचा एवढा एकच प्रसंग असता तरी मी त्याला सलाम केला असता. आमच्याकडे हे चालू असताना कोपऱ्यात पत्ते कुटणारेसुद्धा ‘अरे काच, काच!’ म्हणून ओरडले होते. आई मात्र आधीच बोलून बसली होती, ‘पिल्लाला हात कशाला लावायचा? आता येणार बघ ती.’ आमच्याकडे बिबट्याच्या बाबतीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

दुसरं, गवत. अजय नावाचा भारतीय शिकारी जीव तोडून ओरडतो की गवतात शिरू नका, तरी सगळे शिरतात. आत रॅप्टर, म्हणजे लहान पण चपळ शिकारी डायनासोर. वरून फक्त गवतात उमटत जाणाऱ्या रेषा दिसतात आणि एकेक माणूस खाली ओढला जातो. गणपतीच्या सुमारास आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, कमरेएवढं गवत असतं. फुरशा सापाच्या भीतीने काठी आपटत चालायचं हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी. पुढचा महिनाभर मी त्या वाटेने काठी दुप्पट जोरात आपटत जात होतो.

आता मूळ मुद्दा. साल 1998, गाव हर्णै, गणपतीचं जागरण. मुंबईहून आलेल्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, भाड्याने टीव्ही आणि व्हीसीआर आणला होता. कॅसेट हिंदी, चित्र मधूनमधून पाऊस पडल्यासारखं. माझे बाबा मासेमारीच्या ट्रॉलरवर तांडेल, म्हणजे बोट हाकणारे. नारळी पौर्णिमेनंतर बोटी बाहेर पडलेल्या, पण गणपतीला ते किनाऱ्यावर आले होते. पिक्चर बघायला ते सहसा बसायचे नाहीत, त्या दिवशी बसले. टी-रेक्सला ते सुरुवातीपासून ‘घोरपड’ म्हणत होते आणि अगदी मन लावून बघत होते.

मग तो शेवटचा भाग आला. टी-रेक्सला बोटीत घालून सॅन दिएगोला आणतात. बोट वायरलेसला उत्तर देत नाही, वेग कमी करत नाही आणि सरळ धक्क्यावर येऊन आदळते. वर जाऊन बघतात तर माणसं मेलेली, सुकाणूवर नुसता तुटका हात. आणि घोरपड कुठे? खाली, बोटीच्या पोटात, झाकण बंद!

बाबा म्हणाले, ‘थांबव.’ मग म्हणाले, ‘मागे घे.’ तीन वेळा बघितलं. ‘ती खाली कोंडलेली. केबिन एवढीशी, तिचं डोकंसुद्धा मावायचं नाही. मग वरच्यांना खाल्लं कोणी? आणि खाल्ल्यावर झाकण कोणी लावलं?’

दादा हसला. ‘काका, पिक्चर आहे हो. एवढी मोठी घोरपड चालते तुम्हाला, आणि बोट चालत नाही?’ सगळी पडवी हसली. बाबा उठून बाहेर पायरीवर जाऊन बसले. शेवट त्यांनी बघितलाच नाही. मीही हसलो होतो, हे इथे लिहून ठेवतो.

दादाला द्यायला तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, आता देतो. घोरपड चालते कारण तिच्यामागे मेहनत आहे. पिल्लू का आणलं, आई-बाप का आले, मागावर का राहिले, सगळ्याला कारण दिलंय. सगळा पिक्चर 129 मिनिटांचा, पण बोटीला कोणी दोन मिनिटं विचार दिला नाही. गुंगीचं औषध जास्त झालं म्हणून उतारा दिला आणि ती जागी झाली, एवढं सांगितलंय. जागी झाली हे कळलं. वर कशी आली? ज्याने आयुष्यात बोट हाकली आहे त्याच्या डोळ्याला ते खुपणारच, आणि तो अडाणी म्हणून खुपत नाही.

बाकीचं फसलेलं पटकन सांगतो. नायक माल्कमची मुलगी दांड्यावर कसरत करून रॅप्टरला लाथ घालते ते बघवत नाही. सारा प्राण्यांची तज्ज्ञ, पण पिल्लाचं रक्त लागलेलं जाकीट तसंच अंगावर घालून फिरते. आणि पिंजरे उघडणारे, पिल्लू उचलणारे, शिकाऱ्याच्या बंदुकीतल्या गोळ्या पळवणारे सगळे ‘चांगल्या’ बाजूचे. त्यापायी किती माणसं मेली याचा हिशोब पिक्चरमध्ये कोणी मागत नाही. सगळ्यांना वाचवायला एकटा धडपडणारा एडी, तर त्याचेच दोन तुकडे! मला विचाराल तर त्यात खरा माणूस एकच, तो शिकारी रोलंड. शेवटी त्याला शिकारीचा वीट येतो तेवढा प्रसंग लहान आहे, पण माझ्या लक्षात राहिलाय.

हां, हेही खरं की बोटीचं नाव ‘व्हेंचर’ आहे, 1933 च्या ‘किंग काँग’मधल्या जहाजाचंच. म्हणजे शहरातला सगळा धुमाकूळ ही स्पीलबर्गची जुन्या पिक्चरला ठोकलेली गंमत आहे. गंमत म्हणून बघितलं तर मजा येते, कुत्र्याचं घर तोंडात धरलेला टी-रेक्स तर फारच. आणि पहिला भाग डोक्यात ठेवून बसलात तर मात्र पंचाईत आहे. तसं आश्चर्य परत मिळत नाही, हा काळोखातला, पावसातला, जास्त निर्दय पिक्चर आहे. तेव्हा बघा. मोठ्या पडद्यावर मिळाला तर उत्तम.

फक्त घरातलं कोणी मध्येच ‘थांबव’ म्हणालं, तर थांबवा.

आणि दादा, तू हे वाचणार हे मला माहीत आहे. ती झाकणाखालून वर आली, माणसं खाल्ली, परत खाली जाऊन आतून झाकण लावून बसली, हे कसं ते एकदा समजावून सांग. बाबा यंदा गणपतीला घरीच आहेत.