हयात किती?

“ताई, मी ३४ वर्षांची. चिंचवडला राहते, नोकरी करते. मुलगी सहा वर्षांची आहे. दुसरं नको, असं ती लहान असतानाच आमचं दोघांचं ठरलं होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. पण दर गणपतीत गावी गेलो की आजेसासूबाई चारचौघांत सुरू करतात. ‘मी नऊ बाळंतपणं काढली. शेतात राबून, चूल फुंकून. तुम्हाला गॅस, मशीन, धुण्याभांड्याला बाई, तरी दुसरं जड होतंय!’ मग सासूबाई भर घालतात. एकटं मूल हट्टी होतं, पुढे तिला कोण, घराण्याला तरी पुढे कोण. नवरा हसतो आणि उठून ओसरीवर जातो. गावाहून परत आले की आठ-आठ दिवस मला झोप लागत नाही. त्या बायकांच्यात खरंच काही जास्त होतं का? मी आळशी आहे का, की स्वार्थी? आजींना उलट बोलायची हिंमत नाही. खरं सांगायचं तर इच्छाही नाही, माझ्या बाळंतपणात त्यांनी माझं खूप केलंय.
— एकीची आई”

प्रिय एकीची आई,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं. आजींशी भांडायचं नाहीये ना, मग त्यांचा नऊचा हिशोब नीट मांडून बघू. त्यांनी तो अर्धाच सांगितलाय.

माझ्या आईला कुणी ‘मुलं किती?’ विचारलं की ती म्हणायची, ‘हयात सात.’ लहानपणी मला वाटायचं, मोठी माणसं असंच बोलतात. पुढे मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले. पाचवीच्या रात्री बघते तर ही बाई खोलीत दिवा लावून भिंतीला टेकून जागी. म्हटलं, झोप की आता. तेव्हा तिनं पहिल्यांदा सांगितलं. माझ्या आधी दोन आणि माझ्यानंतर एक. एक देवीत गेलं, एक हगवणीत, आणि एक पाचवीची रात्रही बघायला राहिलं नाही, त्याचं नाव ठेवायचं राहूनच गेलं. मी सत्तावीस वर्षांची झाले होते आणि मला तीन भावंडं अधिक होती हे मला ठाऊक नव्हतं.

सटवाई पाचवी-सहावीला कपाळावर लिहून जाते म्हणतात. नाळ विळ्यानं नाही तर घरातल्या कुठल्याही पात्यानं कापत, त्यावर राख-माती लावत, तेव्हा बाळाला धनुर्वात व्हायचा तो साधारण याच पहिल्या आठवड्यात. पाचवीच्या जागरणामागे हीच धास्ती असणार, असा माझा आपला तर्क. जुन्या पिढीतली दगडू, धोंडू, केरबा ही नावंही आठव. पाठोपाठ मुलं गेली की पुढच्याचं नाव असं ठेवायचं, म्हणजे काळाची नजर जाणार नाही.

तुझ्या आजेसासूबाई किती वर्षांच्या ते तू लिहिलं नाहीस, पण ८५-८८ धरू. म्हणजे त्यांची बाळंतपणं साधारण १९५५ ते १९७५ मधली. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या देशात जन्मलेल्या हजार मुलांपैकी जवळपास दीडशे पहिला वाढदिवस बघत नव्हती, आणि पाच वर्षांच्या आत साधारण चौघांतलं एक जायचं. एका बाईला सरासरी सहाच्या आसपास मुलं होत. चार मोठी व्हायला हवीत तर सहा जन्माला घातलेली बरी, असं कुणी कागदावर मांडलं नसेल, पण अनुभवानं प्रत्येक घराला ते कळलेलं होतं. ‘अष्टपुत्रा सौभाग्यवती भव’ असा आशीर्वाद उगीच देत नव्हते. आठ मागायचे तेव्हा कुठे दोन-तीन हाताशी लागायचे.

त्याच्याही मागे गेलीस तर चित्र आणखी भयंकर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे आईवडिलांचं चौदावं अपत्य. त्या चौदांतली मोजकीच जगली. पुढे बाबासाहेब आणि रमाबाईंना पाच मुलं झाली, त्यांतले एकटे यशवंतराव वाचले. परदेशात शिकून आलेल्या बॅरिस्टरच्या घरी ही गत, तर बाकीच्यांचं काय? आनंदीबाई जोशींचं मूल दहा दिवसांत गेलं, तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या. घरोघर इतकी मुलं होत असूनही १९२१ च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या १९११ पेक्षा वाढलेली नव्हती, किंचित घटलीच होती. १९१८ च्या इन्फ्लुएंझानं घरंच्या घरं बसवली होती.

मग आपल्याला आठवतात ती सात-आठ भावंडांनी गजबजलेली घरं कुठून आली? ती बहुतेक आजींच्याच पिढीची, म्हणजे तुझ्या सासऱ्यांची भावंडं. मलेरियावर डीडीटी फवारलं गेलं, देवीची लस गावोगाव पोहोचली, पेनिसिलिन आलं. मुलं जगू लागली. पण मुलं जगतात यावर आईबापांचा विश्वास बसायला आणखी एक पिढी गेली. जन्म जुन्या हिशोबानं होत राहिले आणि मरण नव्या हिशोबानं कमी झालं. ती मधली तीस-चाळीस वर्षं म्हणजेच आपल्या डोक्यातलं ‘पूर्वीचं भरलेलं घर’. पूर्वीपासून ते तसं नव्हतं गं.

आता तुझा खरा प्रश्न. त्यांच्यात काही जास्त होतं का? सोसण्याची ताकद होती, ती मी नाकारणार नाही. पण आजींना नऊ ‘हवी होती’ का, हे कुणी विचारलं होतं त्यांना? लग्न चौदा-पंधराव्या वर्षी. शारदा कायद्यानं १९३० पासून मुलीच्या लग्नाचं किमान वय चौदा केलं होतं आणि तेही पाळलं जातंच असं नव्हतं. अठरा व्हायला १९७८ उजाडलं. म्हणजे सोळापासून चाळिशीपर्यंत पाळणा हलता. थोरल्या सुनेचं आणि सासूचं बाळंतपण एकाच वर्षी, भाच्यापेक्षा मामा लहान, हे घरोघर होतं. आणि थांबवायचं कसं? र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, तर त्यापायी त्यांची प्राध्यापकी गेली. मासिक चालवलं तर अश्लीलतेचे खटले. १९३४ च्या खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते आंबेडकरांनी. त्याच आंबेडकरांच्या पक्षानं १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला आणि तो पडला. सरकारी कार्यक्रम सुरू झाला १९५२ ला, आणि तो वाडीवस्तीवरच्या बाईपर्यंत पोहोचता पोहोचता आजींची सहा-सात झालीही असतील. साठच्या दशकात गर्भाशयात बसवायची लूप आली, तर ‘ती वर चढते, काळजात जाते’ अशा वावड्या. नवऱ्याची नसबंदी म्हणजे तर पुरुषार्थावरच घाला. शेवटी कुठल्या तरी शिबिरात बाईच ‘ऑपरेशन’ करून आली, आणि तेही सासूनं हो म्हटलं तर.

गॅस आणि मशीनचा मुद्दा मला नेहमीच गमतीचा वाटतो. आजींकडे मशीन नव्हतं, हे खरं. पण थोरली लेक होती ना! आठव्या वर्षापासून कडेवर धाकटं घेऊन हिंडणारी, शाळा सोडून घरी बसलेली, भावंडांची आक्का. आमच्याकडे ती होती. माझी वेणी आईनं कधी घातल्याचं मला आठवत नाही, आक्कानं घातली. आक्का चौथीतून शाळेबाहेर आली आणि आम्ही खालचे सगळे मॅट्रिक झालो. नऊ मुलं एका बाईनं वाढवली असं म्हणतात तेव्हा त्यात जाऊ, नणंद, आजी, शेजारची काकू आणि अशी एक आक्का धरलेली असते, फक्त त्यांचं नाव कुणी घेत नाही. तुझ्या चिंचवडच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळी सहाला पाळणाघर बंद होतं तेव्हा तुझ्याकडे यांतलं कोण असतं?

खर्चाचंही तसंच. सहा वर्षांचं पोर गुरांमागे जायचं, शेण भरायचं, पाखरं राखायचं. खाणारं एक तोंड आलं की राबणारे दोन हातही आले. म्हातारपणी पेन्शन नाही, म्हणून मुलगे हेच पेन्शन. आज मूल वीस-बावीस वर्षं फक्त घेतं, आणि तसंच असायला हवं, त्यानं गुरांमागे जाऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप. ‘चोच दिली तो चाराही देईल’ असं सासूबाई म्हणाल्या तर म्हणावं, चाऱ्याचं ठीक आहे, पण शाळेची फी तो भरत नाही.

आणि तू काही जगावेगळी नाहीस. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातलं सरासरी प्रमाण बाईमागे १.७ मुलांवर आलं आहे. स्वार्थीपणाची साथ आली, असं तर झालं नाही ना?

आता तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर बोट ठेवते. ‘घराण्याला पुढे कोण.’ तू तो सहज लिहून पुढे गेलीस, मी अडकले. पहिला मुलगा असता तर ही चर्चा इतकी रंगली असती का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८९४. कुटुंब लहान झालं, पण एक तरी मुलगाच हवा हा हट्ट तसाच राहिला, त्याचा हा आकडा. त्याच साली साताऱ्यात ‘नकोशी’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींची नावं जिल्ह्यानं समारंभ करून बदलली. तेव्हा सासूबाईंना दुसरं मूल हवंय की मुलगा हवाय, हे तू स्वतःशी तरी स्पष्ट करून घे. मुलासाठी म्हणून दुसरा चान्स घ्यायला मी तुला कधीच सांगणार नाही.

एकटं मूल हट्टी होतं का? होतं कधीकधी. सातांतलंही एखादं होतं. आमच्यातलं ते मी. आणि भावंडं म्हणजे आधारच असं मला छातीठोक सांगवत नाही. बांधावरून वीस वर्षं न बोलणारे सख्खे भाऊ मी पाहिलेत, आणि आक्काच्या शेवटच्या आजारपणात रात्री आलटून-पालटून जागणारे आम्हीही होतो.

एक मात्र तुझ्याबद्दल खटकलं. आजी काय म्हणतात, सासूबाई काय म्हणतात, हे सविस्तर लिहिलंस. नवरा उठून जातो तेही लिहिलंस. तुला स्वतःला दुसरं मूल हवंसं वाटतं का, हे मात्र कुठेच नाही. रात्री झोप लागत नाही ती टोमण्यांमुळे, की मनात कुठेतरी ‘हवं होतं’ असं आहे? तसं असेल तर त्यातही काही चुकीचं नाही. मग मात्र चौतिसाव्या वर्षी घोळ घालत बसू नकोस, दोन महिन्यांत काय ते ठरव आणि डॉक्टरांना भेट. आणि नसेल वाटत, तर ‘नको’ एवढंच उत्तर पुरे, त्याला कारणं जोडायची गरज नाही.

पण ते सांगायचं काम तुझं नाही, नवऱ्याचं. आजी त्याची, आई त्याची. गणपतीच्या आधी त्याला स्वच्छ सांग, ‘या वेळी तू उठून जायचं नाहीस. आमचं ठरलंय, तो विषय बंद, असं तू म्हणायचंस आणि मग पानं वाढायला घ्यायचीस.’ हसून उठणं म्हणजे सगळा भार तुझ्या अंगावर टाकून जाणं, हे त्याला कळत नसेल तर आता कळू दे.

आजींशी मात्र दुपारी बोल. सगळे लवंडलेले असताना, त्यांच्या पायाला तेल लावता लावता. नातसून म्हणून नको, बाळंतीण झालेली बाई म्हणून बोल. विचार, ‘आजी, नऊतली हयात किती? बाकीच्यांची नावं काय होती?’ आणि मग गप्प बस. कदाचित त्या उठून आत जातील. कदाचित तासभर बोलतील. मी आईला विचारायला फार उशीर केला. तिसऱ्याचं, त्या बिननावाच्याचं, ती फक्त एवढंच म्हणाली, ‘केस फार होते गं त्याला.’