बळीचं राज्य दिसेल कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: साहित्य, सिनेमा आणि लोककथा यांत समाजाची संस्कृती, त्याची ओळख आणि त्याला हवं असलेलं भविष्य खरंच उमटतं का, की हे सगळं समीक्षकांनी मागाहून चिकटवलेलं असतं? मराठीतलं एखादं ठोस उदाहरणही तुम्ही मागितलंय.

माझ्या मते उमटतं, आणि चांगलं ठसठशीत उमटतं. फक्त गोष्टीत काय घडतं एवढंच बघून ते सापडत नाही. सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे, हे बघावं लागतं. गोष्ट शेकडो वर्षं तीच राहते आणि माणसं तिच्यातली बाजू बदलत राहतात. समाज ओळखू येतो तो तिथे. उदाहरणादाखल एकच ओळ घेतो. कदाचित तुमच्या घरीही ती म्हणत असतील: ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो.’

आमच्या सातारा भागात दिवाळीत अंगण सारवून दारात शेणाचे पांडव घालतात. वीतभरही उंची नसलेल्या बाहुल्या, डोक्यावर झेंडूची पाकळी नाहीतर कुर्डूचा तुरा खोचलेला. शेजारी शेणाचाच गोठा, शेणाचंच जातं, चूल, विहीर. म्हणजे शेतकऱ्याचं अख्खं घर-शिवार दारात मांडलेलं असतं. पाडव्याला त्यांच्यापुढे गोवऱ्यांच्या विस्तवावर दूध ठेवून ते उतू जाऊ देतात. मग घरातल्या बायका निरांजन घेऊन ओवाळतात आणि ती ओळ म्हणतात. माझी आजी शाळेत कधी गेली नव्हती, पण कीर्तनं ऐकून पुराणं तिला तोंडपाठ होती. वामन हा विष्णूचा अवतार, तो बटू होऊन आला, त्याने बळीकडे तीन पावलं जमीन मागितली आणि तिसरं पाऊल बळीच्या डोक्यावर ठेवून त्याला पाताळात ढकललं, हे तिने आम्हाला कितीतरी वेळा सांगितलंय. देव जिंकला, असंच ती सांगायची. आणि पाडव्याला ओवाळताना मात्र ती राज्य मागायची ते हरलेल्याचं.

हे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पोथीत देवाचा जय आहे आणि अंगणात त्याच देवाने घालवलेल्या राजाला परत बोलावणं आहे. एकाच घरात, एकाच बाईच्या तोंडी दोन्ही सुखाने नांदतात. तिला कोणी विचारलं असतं की अगं, तू नक्की कोणाच्या बाजूची, तर तिला प्रश्नच कळला नसता. पण बाजू तिने घेतलेली होती. लोकपरंपरेची ही ताकद मला फार मोठी वाटते. जे उघडपणे बोलायची सोय नसते ते ती सणाच्या विधीत जपून ठेवते आणि पुढच्या पिढीच्या हवाली करते.

केरळमध्ये याच बळीचा ओणम असतो. त्याच्या राज्यात सगळी माणसं समान होती, असं तिथलं गाणं सांगतं, आणि तो वर्षातून एकदा आपल्या प्रजेला भेटायला येतो. तिथे सरलेल्या सुवर्णकाळाची आठवण जागवतात, राजा येतो आणि परत जातो. आपल्या ओळीत राजा भेटीला येऊन भागत नाही, त्याचं राज्यच यायला हवं असतं. त्या अर्थाने मराठी शेतकऱ्याच्या घरात भविष्याचं स्वप्न दरवर्षी मोठ्याने, सगळ्यांदेखत बोललं जातं.

या अंगणातल्या ओळीला साहित्यात पहिल्यांदा पूर्ण वजन दिलं ते जोतीराव फुल्यांनी. ‘गुलामगिरी’ 1873 साली आली. अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केलेली आहे. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला सत्यशोधक समाज स्थापन झाला. पुस्तक धोंडीबा आणि जोतीराव यांच्या सवालजबाबाच्या रूपात आहे आणि त्याचे 16 भाग आहेत. मत्स्य, कच्छ, वराह, नृसिंह असे एकेक अवतार घेऊन ते बाहेरून आलेल्या आक्रमकांच्या टोळ्यांची गोष्ट सांगत जातात. बळीपाशी आले की मात्र त्यांचा सूर बदलतो. बळी हा शेतकऱ्यांचा न्यायी राजा, आणि खंडोबा, म्हसोबा, जोतिबा, भैरोबा हे त्याचे अधिकारी. गावाच्या वेशीवर शेंदूर फासलेला म्हसोबा म्हणजे बळीच्या राज्यातला महासुभा, मोठ्या मुलखाचा कारभारी, असा अर्थ ते लावतात. घरातली स्त्री ओवाळताना बळीचं राज्य मागते ते कशाच्या आठवणीने, हेही ते याच ओघात सांगतात.

वामनाच्या तीन पावलांची त्यांनी केलेली उलटतपासणी प्रत्येकाने वाचावी. एका पावलाने सगळी पृथ्वी व्यापली म्हणता, तर त्या पावलाखाली गावंच्या गावं दडपली गेली असतील, त्यातल्या माणसांचं काय झालं? दुसरं पाऊल आकाशात टाकलं तर तारे एकमेकांवर आदळले नाहीत का? परशुराम चिरंजीव आहे म्हणतात, तर फुल्यांनी त्याला रीतसर नोटीस काढून सहा महिन्यांच्या आत हजर व्हायला फर्मावलं, आणि ती नोटीस पुस्तकातच छापली. पुराणाला कोर्टात उभं करण्याची ही रीत मराठीत त्याआधी कोणी वापरल्याचं माझ्या वाचनात नाही.

इतिहास म्हणून हे सगळं टिकत नाही. वंशांबद्दलच्या त्या काळच्या समजुती त्यात आहेत आणि नावांच्या व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेल्या आहेत. पण मी ते इतिहास म्हणून वाचतच नाही. ज्यांच्याकडे लिहिलेला भूतकाळ नव्हता त्यांना फुल्यांनी एक भूतकाळ दिला, आणि भूतकाळ मिळाला की मागणी करायला पायाखाली जमीन मिळते. आज शेतकऱ्याला सगळा महाराष्ट्र बळीराजा म्हणतो, त्यामागे हे काम आहे. सरकारी योजनांना ते नाव मिळतं, पाऊस पडला की मथळ्यात ‘बळीराजा सुखावला’ येतं. त्या मथळ्यांमध्ये बळी राजा कमी आणि बिचारा जास्त असतो, हे मला मनापासून खटकतं. फुल्यांचा बळी कोणाच्या दयेवर जगणारा नव्हता.

‘गुलामगिरी’नंतर दोनच वर्षांनी, मे 1875 मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले आणि कर्जाची खतं जाळली. तिथून दंगे आजूबाजूच्या गावांत पसरले. या पार्श्वभूमीवर कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा ‘सावकारी पाश’ बघायला हवा. नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा हा मूकपट 1925 चा. सावकाराच्या फसवणुकीत जमीन गेलेला तरुण शेतकरी शहरात जातो आणि गिरणी कामगार होतो. ती भूमिका व्ही. शांताराम यांनी केली होती. पेंटरांनी 1936 मध्ये हाच चित्रपट बोलपट म्हणून पुन्हा काढला. त्यातली अंधारात बुडालेली एकटी झोपडी आणि कुत्र्याचं रडणं, एवढ्यावर उभा राहिलेला प्रसंग जाणकारांनी पुढे कित्येक वर्षं आठवणीत ठेवला. देवदेवतांच्या चित्रपटांची चलती असताना पेंटरांनी कर्जाचा कागद हाच खलनायक करून पडद्यावर आणला. बळीकडून जमीन काढून घेणारा आता तीन पावलं मागत नव्हता, अंगठा मागत होता.

आणि 2009 मध्ये सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ आला. हा विदर्भातला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते की आपला किस्नाही तेच करेल. ती त्याला एकटं सोडत नाही, बापावर नजर ठेवायला लहानग्या दिनूला मागे लावते, नवरा खूश राहावा म्हणून पुरणपोळी करते. सणाचा स्वयंपाक आणि सण मात्र कुठेच नाही. बायको नवऱ्याला जपतेय ते त्याच्या राज्यासाठी नव्हे, तो उद्या सकाळी जिवंत दिसावा म्हणून. भविष्याची मागणी आक्रसत आक्रसत एका दिवसावर येते, ती अशी. शेतकरी आत्महत्यांवर मी पुष्कळ वाचलंय, पण त्या घरातली भीती मला कळली ती या चित्रपटात. वऱ्हाडी बोलीत तो ज्या सहजतेने बोलतो, त्यामुळे ती माणसं परकी वाटतच नाहीत.

आता तुमच्या प्रश्नातला भविष्याचा भाग. याच गोष्टीचा एक धागा थेट विज्ञानकथेत गेलाय. जयंत नारळीकर कोल्हापुरात जन्मलेले, जगभर नाव असलेले खगोलशास्त्रज्ञ. मराठी विज्ञान परिषदेच्या 1974 च्या कथास्पर्धेला त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली. अक्षर ओळखलं जाऊ नये म्हणून ती पत्नीच्या हातून लिहवून घेतली होती. कथेला पहिलं बक्षीस मिळालं. पुढे त्यांनी ‘वामन परत न आला’ ही कादंबरी लिहिली. खोदकामात एका प्राचीन पण अतिप्रगत संस्कृतीची कालकुपी सापडते, तिच्यातल्या माहितीवरून एक बुद्धिमान यंत्रमानव बनवला जातो, आणि त्याचं नाव ठेवतात वामन.

नाव उगीच ठेवलेलं नाही. लहानसा, नम्र, थोडंसंच मागणारा, आणि एकदा हो म्हटलं की सगळं व्यापून टाकणारा. पुराणात वामन देव होता, फुल्यांकडे आक्रमक होता, नारळीकरांकडे तो आपण स्वतःच घडवलेला आहे. बळीच्या जागी आता सगळी मानवजात. आज यंत्रांकडे विचार करण्याचं काम सोपवताना आपण जे प्रश्न विचारतोय, ते एका मराठी लेखकाने अनेक वर्षं आधी आपल्या वाचकाच्या ओळखीच्या गोष्टीतून विचारले. पाश्चात्त्य रोबोंची नक्कल करण्याची त्यांना गरज पडली नाही. दिवाळीचा पाडवा माहीत असलेल्या वाचकाला त्या शीर्षकातली टांगती तलवार पहिल्या पानाआधीच दिसते.

मग अडतं कुठे? माझ्या मते इथे: हे राज्य हवंय असं सगळे म्हणतात, पण ते आतून कसं असेल हे फारसं कोणी रंगवलेलं नाही. आपल्या कथा-चित्रपटांत जमीन जाण्याचं चित्रण उत्तम आहे. जमीन परत मिळाल्यावरचं जवळपास नाही. एका राजकीय चळवळीने मात्र या दिशेने पाऊल टाकलं. शरद जोशींनी आपल्या पुस्तकाला नावच ‘बळीचे राज्य येणार आहे’ असं दिलं. त्यांच्या शेतकरी संघटनेने नोव्हेंबर 1986 मध्ये नाशिक जिल्ह्यात चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, आणि पुढे लक्ष्मीमुक्ती कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा स्वखुशीने बायकोच्या नावावर करावा, असं आवाहन केलं. त्यांच्या खुल्या बाजाराच्या अर्थकारणाशी माझं पटत नाही. पण बळीचं राज्य मागणाऱ्या बाईचं नाव त्या राज्याच्या सातबाऱ्यावर असावं, ही कल्पना मला मराठीतल्या कुठल्याही कादंबरीहून धीट वाटते. दरवर्षी ओवाळणारी ती, आणि जमीन मात्र ज्याला ओवाळलं त्याची, हे त्या ओळीत दडलेलं दुखणं त्यांनी उघड केलं.

तुम्हाला या विषयात पुढे जायचं असेल तर ‘गुलामगिरी’तला वामनाचा भाग आधी वाचा, मग ‘गाभ्रीचा पाऊस’ बघा, मग नारळीकरांची कादंबरी. आणि लिहिणारे असाल तर माझी एक मनापासूनची मागणी आहे. बळीचं राज्य येऊन दहा वर्षं झालेल्या एखाद्या गावाची कादंबरी लिहा. तिथे कांद्याचा भाव कोण ठरवतं? कालव्याचं पाणी शेवटच्या रानापर्यंत पोचतं का, आणि पाणीपाळी लावायला कोण बसतं? ज्यांच्याकडे कधी जमीनच नव्हती त्या मजुरांना, ऊसतोड कामगारांना त्या राज्यात काय मिळालं? मुंबईला गेलेली पोरं परतली का? तिथला पाडवा कसा असतो, आणि ओवाळताना त्या गावातल्या बायका आता काय मागतात?