नव्या गाडीला काय काय लावू?

दसरा झाला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांमध्ये फक्त नव्या दुचाकी गाड्या असतात. ग्राउंडवर माझ्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायकाही सध्या ब्रेकपेक्षा सीट कव्हरबद्दल जास्त विचारतात. तेव्हा या वेळी सगळे प्रश्न त्यावरचेच घेतले आहेत.

प्रश्न : ताई, दसऱ्याला मी पहिली गाडी घेतली, 110 सीसीची, बिनगिअरची. शोरूममध्ये ॲक्सेसरीजचं किट बिलात आधीच धरलेलं होतं : लोखंडी फुल गार्ड, फोमचं सीट कव्हर, फ्लोअर मॅट, ग्रिप कव्हर आणि टेफ्लॉन कोटिंग. बाबा म्हणाले, घेऊन टाक, परत कुठे हिंडत बसायचं. आता रोज वारज्याहून शिवाजीनगरला जाते. पुढून कुठून तरी खडखड येते, सिग्नलला पाय नीट टेकत नाहीत, आणि मैत्रिणी म्हणतात की टॉप बॉक्स आणि एलईडी लाइट पण लाव. काय ठेवू, काय काढू? — वारजे

उत्तर : आधी अभिनंदन, पेढे पोचले असं समजते.

पाय टेकत नाहीत ते सीट कव्हरमुळे. शोरूममध्ये बसून पाहिलीस तेव्हा टेकत होते ना? फोमने उंची वाढते ती बोटभर, पण सीटच्या कडाही रुंद होतात. मांड्या फाकतात आणि टाचा वर राहतात. ग्राउंडवर एखादी बुटकी मुलगी नवी गाडी घेऊन आली, की मी तिला आधी कव्हर काढायला लावते आणि मग बसवते. निम्मी भीती तिथेच जाते. शिवाय पावसात शिवणीतून पाणी आत मुरतं. वरून फडक्याने पुसून बसलीस तरी ऑफिसात पोचेपर्यंत सलवार ओली. काढून टाक. मांजरं सीटवर नखं घासत असतील, तर रात्रीपुरतं साधं बॉडी कव्हर घाल, पण गाडी ओली असताना नको.

ग्रिप कव्हर आजच काढ, हे पत्र बाजूला ठेवून. जाड, मऊ ग्रिप कव्हर आत सरकलं की बटणांच्या खोक्याला घासतं आणि ॲक्सिलरेटर मागे यायला आळस करतो. गाडी बंद असताना ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडून बघ. टक्कन जागेवर आला पाहिजे. हळूहळू येत असेल तर भर कर्वे रोडवर तो तसाच येणार.

आता खडखड. गाडी मेन स्टँडवर लावून चालू कर आणि कुणाला तरी गार्ड दोन्ही हातांनी घट्ट धरायला सांग. आवाज थांबला तर गुन्हेगार सापडला. बहुतेक वेळा क्लॅम्पचे बोल्ट ढिले असतात नाहीतर मधले रबर घातलेलेच नसतात. नाना पेठेत कुठल्याही दुकानात रबर मिळतील. आवाज गार्डचा नसला तर नंबर प्लेट आणि आरशांचे नट बघ. शोरूममधून गाड्या बाहेर पडतात तेव्हा आरसे नुसते हाताने पिळलेले असतात, असं माझं मत होत चाललंय.

गार्ड ठेवायचा का? मला विचारशील तर फुल गार्ड गाडीचं प्लॅस्टिक वाचवतो, तुला नाही. वर लोखंडाचं वजन. त्यातून मंडईच्या पार्किंगमध्ये जाऊन बघ : दोन्ही बाजूंच्या गाड्यांचे गार्ड तुझ्या गार्डमध्ये अडकलेले, एक ओढली की तिन्ही हलतात, आणि पार्किंगवाला लांबून ओरडतो, "मॅडम, पुढनं उचला!" पुढचा छोटा गार्ड हवा तर ठेव, बाजूचे पसरट नळे काढ. एक मात्र नक्की : मागच्या चाकाजवळचा साडी गार्ड आणि मागचं धरायचं हँडल काढायचं नाही. या वस्तू नियमाने गाडीबरोबर येतात. ओढणी चाकात जाते कशी हे ज्याने पाहिलंय तो साडी गार्डला हसत नाही.

फ्लोअर मॅट राहू दे. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा उचलून खालचा चिखल काढ, नाहीतर खालचे स्क्रू गंजतात. टेफ्लॉनचे पैसे गेले, विसर. नव्या रंगाला त्याची गरज नव्हती. झाडाखाली गाडी लावतेस का, पक्ष्यांची शीट लगेच धुतेस का, रंग त्यावर टिकतो.

एलईडी नको. हेडलाइटचा रिफ्लेक्टर आतल्या बल्बच्या हिशेबाने बनवलेला असतो. बाजारातला पांढराशुभ्र दिवा त्यात बसवला की उजेड रस्त्यापेक्षा समोरच्याच्या डोळ्यांत जास्त जातो. वर वायर कापून जोडकाम केलं तर वॉरंटीच्या वेळी तेच बोट दाखवून परत पाठवतात. आणि या गाड्यांची बॅटरी एवढीशी असते, जास्तीचे दिवे आणि दुहेरी हॉर्न तिला झेपत नाहीत.

टॉप बॉक्सचं म्हणशील तर वजन मागच्या चाकाच्याही मागे जातं आणि हँडल हलकं होतं. हायवेला समांतर जाताना बाजूने ट्रक गेला की ते जाणवतं. डबा आणि रेनकोट डिक्कीत मावतात. लॅपटॉप पाठीवर घे, किंवा पायाशी उभा ठेव, पण हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतंय ना हे बघून. हुकला अडकवायच्या पिशवीची वजनमर्यादा मॅन्युअलमध्ये लिहिलेली असते, ती वाच. भाजीची भरली पिशवी त्यात बसत नाही, हे आधीच सांगते.

बाबांनाही सांग : किट घेण्याची सक्ती नसते आणि विमा शोरूमकडूनच घ्यायचीही नसते. घरात पुढची गाडी येईल तेव्हा गाडीचं, विम्याचं आणि ॲक्सेसरीजचं बिल वेगवेगळं मागा. तुझी पॉलिसीही काढून बघ. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा पाच वर्षांचा घ्यावा लागतो, म्हणून लोकांना वाटतं पाच वर्षांची निश्चिंती झाली. पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग अनेकदा एकाच वर्षाचा असतो. ती तारीख मोबाईलमध्ये टाकून ठेव. पीयूसीचंही तसंच, नव्या गाडीला वर्षभर लागत नाही, मग लागते.

आणि पहिली सर्व्हिस होईपर्यंत नवीन काहीही लावू नकोस. पहिल्या सर्व्हिसला किलोमीटर आणि दिवस यांतलं जे आधी भरेल ते धरायचं. नव्या इंजिनातली बारीक झीज ऑइलमध्ये उतरलेली असते, ते ऑइल वेळेवर निघालं पाहिजे. तोपर्यंत गाडी बोडकी चालव. कुठे काय कमी पडतं ते तुझ्या रोजच्या रस्त्यावरच कळेल, मैत्रिणींचा रस्ता वेगळा आहे.

प्रश्न : मॅडम, मी निवृत्त असून वय 70 आहे. सुमारे तीन दशके चेतक चालवली. मुलाने आता हट्टाने 125 सीसीची बिनगिअरची गाडी घेऊन दिली. गाडी उत्तम आहे, तक्रार नाही. परंतु (1) वळताना मध्येच झटका बसून गाडी थांबते, (2) उतारावर ती हातात राहत नाही, (3) स्टेपनी नाही, हे मला अत्यंत असुरक्षित वाटते. स्टेपनी बसवून मिळेल काय? — सदाशिव पेठ

उत्तर : काका, तुमचे आकडे घालून लिहिलेले मुद्दे वाचून बरं वाटलं. त्याच क्रमाने उत्तर देते.

झटका गाडीचा नाही, तुमच्या डाव्या हाताचा आहे. चेतकला डाव्या हातात क्लच होता. वळण आलं की क्लच दाबून गिअर उतरवायचा, हे तुमच्या बोटांत मुरलंय. नव्या गाडीत त्याच जागी ब्रेक आहे. त्यातून एप्रिल 2019 पासून 125 सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी सोय) नसेल तर, जोडब्रेक असावाच लागतो, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागच्याबरोबर पुढचं चाकही धरलं जातं. क्लचसारखा पूर्ण दाबलात तर गाडी थांबणारच. वळणावर बारीक खडी असेल तर नुसती थांबणार नाही, पडेल. उपाय सोपा आहे : पहिले काही दिवस डाव्या हाताची बोटं लिव्हरवर ठेवायचीच नाहीत, ग्रिपभोवती मिटून ठेवायची आणि थांबायचं तेव्हाच मुद्दाम उघडायची. रविवारी सकाळी एखाद्या मोकळ्या मैदानावर वळणं घेऊन बघा. उजवा पायही ब्रेकचं पेडल शोधत असेल. शोधू दे, तिथे काही सापडत नाही हे त्याला कळेल.

उताराचं असं, की चेतक तुम्ही दुसऱ्या गिअरमध्ये टाकून रोखत होता. इथे ॲक्सिलरेटर सोडून वेग बराच कमी झाला की आतला क्लच आपोआप सुटतो आणि गाडी मोकळी घरंगळते. सिंहगडावरून उतरताना हे चांगलंच समजतं. इंजिन थोडं लागलेलं राहावं म्हणून अधूनमधून किंचित ॲक्सिलरेटर द्या, आणि ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, परत दाबा. ड्रम ब्रेक तापले की पकड कमी होते. उतारावर इंजिन बंद करून पेट्रोल वाचवायची जुनी पुणेरी विद्या मात्र आता विसरायची.

स्टेपनी मिळणार नाही. चेतकची दोन्ही चाकं एकाच मापाची होती, म्हणून एक जादा चाक दोन्हीकडे चालायचं. आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढचं चाक मोठं आणि मागचं लहान असतं. पण टायर ट्यूबलेस आहेत. खिळा घुसला तरी हवा एकदम जात नाही, खिळा न उपसता हळू चालवत पंक्चरवाल्यापर्यंत जाता येतं. त्यापेक्षा दर पंधरवड्याला हवा तपासा. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये आहे. अंदाज यावा म्हणून सांगते, ॲक्टिव्हाला पुढे 22, मागे एकट्याला 29 आणि डबलसीटला 36. काकू मागे बसणार असतील तर पेट्रोलपंपावरच्या पोराला तसं सांगा, नाहीतर तो सगळ्यांना एकच आकडा भरतो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगायलाच हवं. नातवंडाला पुढे उभं करून गाडी चालू ठेवून गप्पा मारत उभे राहू नका. चेतक न्यूट्रलमध्ये असायची, पोराने ॲक्सिलरेटर पिळला तरी नुसता आवाज व्हायचा. ही गाडी पिळल्याबरोबर पळते. उतरलात, की आधी किल्ली बंद.

प्रश्न : माझी उंची कमी आहे आणि मेन स्टँड काही केल्या लागत नाही. दर वेळी सोसायटीच्या वॉचमनला बोलवावं लागतं. — बिबवेवाडी

उत्तर : हाताने ओढताय, म्हणून. डावा हात हँडलवर, उजवा मागच्या हँडलवर. उजव्या पायाने स्टँड खाली दाबा आणि गाडी किंचित उजवीकडे-डावीकडे हलवून दोन्ही टोकं जमिनीला टेकल्याचं पायाला कळू दे. हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. मग पायरी चढतो तसं पूर्ण अंग त्या पायावर टाकून उभ्या राहा. गाडी आपली आपण मागे चढते, उजवा हात फक्त दिशा देतो. चपलेने नको, बूट घाला. वॉचमनला दिवाळीची पोस्त मात्र चालू ठेवा.

प्रश्न : स्कार्फवर हेल्मेट बसत नाही. स्कार्फ सोडला तर धूळ आणि ऊन, हेल्मेट सोडलं तर पावती! — कोंढवा

उत्तर : गाठ कुठे मारतेस? डोक्याच्या मागे मध्यावर असेल तर हेल्मेट पुढे कपाळावर कलतं आणि पट्टा सैल राहतो. गाठ खाली मानेवर, हेल्मेटच्या कडेच्या बाहेर घे. पातळ सुती स्कार्फ घे आणि हेल्मेट विकत घेताना तो बांधूनच दुकानात जा. आयएसआय मार्क बघ. आणि हो, नव्या दुचाकीबरोबर कंपनीने हेल्मेट द्यावं असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतच नियम आहे, 138 क्रमांकाचा. तुला मिळालं होतं का, विचार.

प्रश्न : मोबाईल होल्डर हँडलवर लावावा की आरशाच्या दांडीवर? — हडपसर

उत्तर : महागड्या फोनसाठी कुठेच नको. इंजिनाच्या थरथरीने कॅमेऱ्यातली फोटो स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा खुद्द ॲपलने 2021 मध्ये दिला होता. लावायचाच तर कंपन शोषणारा होल्डर घ्या. पेठांतल्या वन-वेसाठी निघण्यापूर्वी नकाशा बघा, अडलात तर बाजूला थांबून विचारा. पुणेकर पत्ता सांगतात, वर दोन शब्द ऐकवतात, पण सांगतात.

प्रश्न : मुलाला 4141 नंबर मिळालाय. तो 'दादा' असा दिसेल अशी प्लेट करून घेतो म्हणतो. — भोसरी

उत्तर : नव्या गाडीला हाय सिक्युरिटी प्लेट येते, ती बदलायची नाही. दादा घरात आहे तेवढं पुरे.

प्रश्न : दिवसा हेडलाइट बंदच होत नाही. बटणही सापडत नाही. रस्त्यात प्रत्येक जण हाताची बोटं उघडमीट करून खुणावतो. शोरूममध्ये जाऊ का? — औंध

उत्तर : नका जाऊ. एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा लाइट कायम चालूच असतो, बटण दिलेलंच नाही. खुणावणाऱ्यांकडे बघून मान हलवा. थांबून समजावायला गेलात, तर मागचा हॉर्न वाजवेल.