पोह्यांवरची शेव

रामबाग, इंदूर

प्रिय बाळ, अनेक आशीर्वाद.

वेलनेस कोच म्हणून तुला पहिल्या तिघी मिळाल्या, छान वाटलं. सोबतचा डाएट चार्ट पाहिला. पहिल्याच ओळीत ‘पोहे-जिलेबी बंद’! अगं, इंदुरात?

हसत नाहीये. मीही हेच केलं होतं. लोकमान्य नगरातल्या एका काकूंना मी ‘रात्रीचं जेवण साडेसातला’ असं लिहून दिलं. त्यांनी मान डोलावली, कागद फ्रिजवर लावला आणि परत काही आल्या नाहीत. पुढे हळदीकुंकवात भेटल्या तेव्हा कळलं. काकांचं दुकान राजवाड्यापाशी. ते वाढवून घरी यायला दहा वाजतात, आणि त्यांच्याआधी यांना घास उतरत नाही. मी विचारलंच नव्हतं! मग आम्ही सहा वाजता वाटीभर मुगाची उसळ ठरवली, रात्री एक पोळी कमी. जेवणानंतर दोघांनी गल्लीत दहा मिनिटं फिरायचं, हे मात्र काकूंनीच सुचवलं. तेच सर्वांत जास्त टिकलं.

विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने 1983 मध्ये, दारू सुटत नसलेल्या लोकांबरोबरच्या कामातून, हीच गोष्ट मांडली होती. आपण ‘सोडा, सोडा’ म्हणत राहिलो की समोरचा न सोडण्याची कारणं सांगू लागतो, आणि ती स्वतःलाच पटवत जातो. म्हणून तू विचार, ‘यातलं तुम्हाला काय जमेल?’ आणि मग गप्प बस. (हे गप्प बसणं तुला जड जाईल, मला ठाऊक आहे.) पोह्यांवरची शेव कमी करू, असं त्यांच्याच तोंडून आलं तर अर्धं काम झालं.

आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा पहिल्याच दिवशी तोंडावर फेकू नकोस. आणि दर सोमवारी वजनकाट्यावर उभं करणं तर बंदच कर.

एका बाबतीत मात्र कडक राहा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असताना एकादशीचा कडक उपास केला, तर साखर एकदम उतरू शकते. अशा वेळी आधी डॉक्टरांकडे पाठव. गोळ्या कमी-जास्त करणं आपलं काम नाही, कुणी कितीही गळ घातली तरी.

रविवारी सकाळी ये, पोहे करते. चार्ट नको, त्या तिघींचा दिवस कसा जातो, ते विचारून लिहून आण.

तुझी,
मावशी