पोळ्याच्या दिवशीच्या दहा फुल्या

"मॅडम, मी स्वतःवर रोज एवढी मेहनत घेतो, तरी अंगात त्राण का राहत नाही?" गेल्या काही वर्षांत माझ्याकडे येणाऱ्या तरुणांच्या तोंडून हा प्रश्न मी वारंवार ऐकते, आणि त्याच्या पाठोपाठ येणारा दुसरा प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो : "पण आता थांबलो तर मागे पडणार नाही का?" हे प्रश्न विचारणारे लोक आळशी नसतात. उलट घरात आणि गावात ज्यांच्याकडे 'कामाचा माणूस' म्हणून पाहिले जाते, तेच बहुधा ते विचारतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी समुपदेशनाचे काम करते. तिथे आलेल्या एका तरुणाचा अनुभव त्याच्या संमतीने सांगते. त्याची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो तिशीतला, कृषी पदवीधर. काही वर्षे अमरावतीला राहून त्याने स्पर्धा परीक्षांची तयारी केली, मुख्य परीक्षेपर्यंत मजल मारली आणि मग घरी परतला. घरची शेती बहुतेक कोरडवाहू; कपाशी, सोयाबीन, मध्ये तुरीची तासे, आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी थोडा हरभरा. शेतीच्या जोडीला त्याने गावातच ऑनलाइन अर्जांचे केंद्र टाकले होते. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, ई-पीक पाहणी अशी सगळी कामे तिथे होत आणि सर्व्हर बंद पडला की लोकांचा राग त्याच्यावरच निघे. त्याला माझ्याकडे वडील घेऊन आले. ते म्हणाले, "पोरगं कामाचं हाये जी, वाईट चाल नाही. पण आता हासत नाही. आम्ही बोललो त आयकू येत नाही त्याले."

तरुणाची स्वतःची तक्रार वेगळी होती. आपल्यात शिस्त कमी पडते आहे आणि ती कशी वाढवावी हे मी सांगावे, अशी त्याची अपेक्षा होती. पुरावा म्हणून त्याने एक दोनशे पानी वही आणली होती. प्रत्येक पानावर लाल पेनाने आखलेले दहा रकाने होते : पहाटे साडेचारला उठणे, थंड पाण्याची आंघोळ, वीस मिनिटे ध्यान, दहा हजार पावले, इंग्रजीचे दहा शब्द, पुस्तकाची वीस पाने, शेअर बाजाराचा एक धडा, साखर बंद, आभाराच्या तीन ओळी, रात्री दहानंतर मोबाइल बंद. जे जमले तिथे बरोबरची खूण, जे चुकले तिथे फुली. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका समूहात रोज सकाळी त्या पानाचा फोटो टाकायचा आणि सलग २१ दिवस पूर्ण करायचे, असा नियम होता. एक दिवस चुकला की पुन्हा पहिल्या दिवसापासून. गेल्या वर्षभरात तो असंख्य वेळा पहिल्या दिवसावर आला होता.

वही चाळताना एका पानावर मी थांबले. दहाच्या दहा फुल्या, आणि खाली लिहिलेले : 'आजचा दिवस वाया.' तारीख पोळ्याची होती. मी विचारले, "त्या दिवशी काय झाले होते?" तो म्हणाला, "काहीच नाही केलं ना मॅडम." मग मी त्या दिवसाचा तपशील विचारत गेले. आदल्या संध्याकाळी त्याने वडिलांसोबत तूप-हळद लावून बैलांचे खांदे शेकले होते. सकाळी बैल धुतले, शिंगे रंगवली, झूल चढवली. दुपारी तोरणाखाली जोडी उभी केली, झडत्या (पोळ्याला म्हटली जाणारी लोकगीते) ऐकल्या, घरोघरी बैलांची पूजा झाली, आणि गड्याला बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, देऊन तो रात्री उशिरा घरी आला. वर्षभर राबणाऱ्या जनावरांच्या विसाव्याचा हा दिवस. पण बैलांना विसावा देणाऱ्या माणसाच्या वहीत तोच दिवस शून्य ठरला होता. हे मी त्याच्यासमोर मोठ्याने मांडले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आराम केला का मले पाप केल्यासारखं वाटते."

माझ्या मते त्याच्या थकव्याचे मूळ या वाक्यात होते. शेती आणि केंद्र मिळून काम भरपूर होते यात शंका नाही, पण तेवढे काम त्याने पूर्वीही केले होते. पूर्वी कामानंतर जो रिकामा वेळ उरत असे, तो आता 'सुधारणे'च्या कामाने भरला होता; म्हणजे थकवा भरून निघण्याची जागाच बंद झाली होती. कामाच्या ताणावर संशोधन करणारे मानसशास्त्रज्ञ, विशेषतः जर्मनीतील सबीने सोनेनटाग, यांनी दाखवून दिले आहे की कामानंतर मन कामापासून सुटणे, त्यापासून खरोखर वेगळे होणे, हे ऊर्जा परत मिळण्यासाठी फार महत्त्वाचे असते. ध्यान करतानाही 'आजची खूण झाली' एवढेच ज्याच्या मनात असते, त्याचे मन सुटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात 'बर्नआउट'चे वर्णन केले. तो आजार म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या दीर्घकाळ न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी स्थिती म्हणून नोंदवला आहे. त्याची लक्षणे तीन : शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही अशी भावना बळावणे. या तरुणात तिन्ही दिसत होती. अर्ज भरून घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या माणसांवर तो खेकसू लागला होता आणि रात्री त्याचाच पश्चात्ताप करत जागत होता. अडचण अशी की, तिसऱ्या लक्षणाला तो लक्षण मानत नव्हता, स्वतःविषयीचे सत्य मानत होता. 'मी कमी पडतो' असे वाटले की तो वहीत आणखी एक रकाना वाढवी. थकव्यावर त्याने शोधलेला उपाय आणखी थकवणारा होता, आणि उपाय फसला की दोष पुन्हा त्याच्याच माथी येई.

स्वतःला सुधारण्याचा हा सगळा उपदेश ज्यांच्यासाठी तयार होतो, त्यांचे आयुष्य वेगळे असते, हेही सांगितले पाहिजे. आमच्याकडे कृषिपंपाची वीज पाळीने येते. रात्रपाळीचा आठवडा असला की हरभऱ्याला पाणी देण्यासाठी हा तरुण मध्यरात्र उलटेपर्यंत ओलितावर असे, आणि तरीही साडेचारचा गजर लावी. प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप लागते, असे झोपेच्या तज्ज्ञांचे मत आहे. त्याला त्या आठवड्यांत तीन-साडेतीन तासांपेक्षा जास्त मिळत नव्हती. पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दिवसभर पिकाच्या ओळींतून फिरणारा हा माणूस संध्याकाळी पुन्हा डांबरी रस्त्यावर चालायला जाई, कारण औषधाच्या भीतीने मोबाइल घरी ठेवलेला असे आणि शेतातली पावले मोजली गेलेली नसत. दहा हजार हा आकडासुद्धा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या पावले मोजण्याच्या एका यंत्राच्या नावातून तो रूढ झाला. आणि त्याची बायको रोज पाचच्या आत उठून सडा-सारवण, स्वयंपाक आणि डबे करून निंदणाला जात होती. तिच्या पहाटे उठण्याला त्या घरात कोणी शिस्त म्हटले नव्हते, तिने स्वतःसुद्धा नाही.

या वहीतली सर्वांत गंभीर नोंद मात्र वेगळीच होती. २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात बऱ्याच शेतकऱ्यांना तो माल त्याहून पुष्कळ कमी भावाने विकावा लागला. याच्यावरही तीच वेळ आली. त्या दिवशी त्याने लिहिले होते : 'मार्केटिंग स्किल कमी. माइंडसेट बदलणे.' मला हे वाचून फार वाईट वाटले. पाऊस, बाजारभाव, आयातीचे धोरण, बोंडअळी, विजेची पाळी या सगळ्यांचे ओझे एका माणसाच्या स्वभावदोषात जमा करून टाकणारा हा विचार मला निव्वळ चुकीचा नव्हे, तर आमच्या भागात धोक्याचा वाटतो. ज्या प्रदेशात शेतीच्या संकटाने इतकी घरे उद्ध्वस्त केली आहेत, तिथे 'परिस्थिती कारण नसते, कारण तुम्हीच असता' असे सभागृहात ओरडून सांगणाऱ्यांनी आणि त्याचे शिबिर विकणाऱ्यांनी आपण कोणाशी बोलतो आहोत याचे भान ठेवले पाहिजे.

कामाला सुरुवात करण्यापूर्वी मी त्याला ग्रामीण रुग्णालयात तपासणीसाठी पाठवले. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, आणि आमच्या भागात आवश्यक असलेली सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची चाचणी. सततचा थकवा मनाचाच आहे असे तपासण्याआधी ठरवू नये, आणि नैराश्याची शक्यताही डॉक्टरांकडून पडताळून घ्यावी. त्याच्या बाबतीत या चाचण्यांत काही निघाले नाही.

त्यानंतर पहिला प्रश्न समूहाचा होता. तो सोडण्याची त्याला भीती वाटत होती, म्हणून मी त्याला २१ दिवसांच्या नियमाची हकिकत सांगितली. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० मध्ये लिहिले होते की, शस्त्रक्रियेनंतर बदललेला चेहरा स्वीकारायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात. पुढे 'किमान' गळून पडले आणि कोणतीही सवय २१ दिवसांत लागते असा समज पसरला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांच्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसामाणसांतला फरक १८ पासून २५४ दिवसांपर्यंतचा होता. त्याच अभ्यासातली गोष्ट त्याच्या अधिक उपयोगाची होती : एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात विशेष फरक पडत नाही. पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करण्याला काहीच आधार नव्हता. हे समजल्यावर त्याने समूह सोडला. सुटकेपेक्षा अपमानच जास्त वाटला, असे त्याने नंतर सांगितले.

वही बंद करणे त्याहून कठीण गेले. रिकामे बसले की छातीत धडधडत असे आणि हात आपोआप मोबाइलकडे जाई. म्हणून आम्ही थोडे थोडे पुढे गेलो. आधी झोप : रात्रपाळीच्या आठवड्यात गजर नाही, हा एकच नियम. मग केंद्र संध्याकाळी ठरलेल्या वेळी बंद करणे आणि पीकविम्याच्या गर्दीच्या दिवसांत गावातल्या एका मुलाला मदतीला घेणे. याला पैसे लागणार होते, आणि वडिलांनी ते मान्य केले म्हणूनच हे शक्य झाले. प्रत्येक घरात ते शक्य नसते, याची मला जाणीव आहे.

शेवटी मी त्याला विचारले की, अमरावतीला जाण्यापूर्वी तो संध्याकाळी काय करत असे. तो राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांच्या मंडळात खंजिरी वाजवत असे. 'त्यातून काही मिळत नाही' म्हणून त्याने ते सोडले होते. तो पुन्हा जाऊ लागला. काही आठवड्यांनी आला तेव्हा चेहरा उजळला होता, पण सांगत काय होता, तर रोज अर्धा तास सराव करून यूट्यूबवर चॅनेल काढायचे आहे आणि त्यासाठी महिन्याचे लक्ष्य ठरवले आहे. आम्ही दोघेही त्यावर बराच वेळ बोललो. चॅनेल काढण्यात वाईट काही नाही, पण त्याला विसाव्याची जी एक जागा सापडली होती, तिचाही रकाना होऊ लागला होता. त्याने चॅनेल सध्या बाजूला ठेवले. खंजिरी वाजवताना ताल चुकला तर काय होते, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, "काही नाही होत. बाकीचे सांभाळून घेतात."

'मागे पडणार नाही का?' या प्रश्नाचे मी त्याला जे उत्तर दिले, तेच इतरांनाही देते. शिकणे, व्यायाम, वाचन यांना माझा विरोध नाही. त्याने इंग्रजीचा अभ्यास आजही चालू ठेवला आहे, कारण केंद्रातले अर्ज वाचताना तो रोज उपयोगी पडतो आणि एखादा दिवस चुकला तर त्याला काही वाटत नाही. मी एवढेच पाहायला सांगते की, जी गोष्ट तुम्ही स्वतःसाठी म्हणून करता, ती चुकलेल्या दिवशी तुम्ही स्वतःशी काय बोलता. 'उद्या पाहू' असे म्हणता आले, तर ती चालू ठेवावी. 'मी कुचकामी आहे' असे शब्द येत असतील, तर ती गोष्ट तुम्हाला सुधारत नसून झिजवत आहे, आणि तिच्याशिवाय काही आठवडे राहून पाहिल्याने तुम्ही कोणाच्याही मागे पडत नाही.

हा तरुण पूर्ण बरा झाला असे मी म्हणणार नाही. सोबतच्या एखाद्या मित्राची निवड झाल्याची बातमी आली की तो अजूनही दोन-तीन दिवस बेचैन असतो, नवे रकाने आखावेसे वाटतात, आणि त्या वेळी तो फोन करतो. लोकांवर खेकसणे मात्र थांबले आहे, आणि झोप परत आली आहे.

ज्यांना याबरोबरच सतत उदास वाटते, भूक आणि झोप आठवडेच्या आठवडे बिघडलेली असते किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येतात, त्यांनी वही-रकान्यांचा हिशेब करत थांबू नये. ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांना भेटावे. मानसिक आरोग्यासाठीच्या शासनाच्या टेलिमानस या फोन-सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्याला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते, आणि घरातल्या माणसाची काळजी वाटत असेल तर घरच्यांनीही त्यावर फोन करावा.