सड्यावरची खाण, खाडीतल्या तिसऱ्या

प्रश्न : आम्ही लालबागला राहतो, गाव रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्याला. गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळी पठारावर, बॉक्साईटची खाण आणि खाली खाडीत जेटी येऊ घातली आहे. जनसुनावणीची नोटीस लागली. गावकरी हजार सह्यांचं निवेदन देणार आहेत. तेवढं पुरेल का? आम्ही मुंबईतून काय करावं?

उत्तर : सह्या घ्या, पण भिस्त त्यांच्यावर ठेवू नका. सुनावणीत मतदान नसतं. ‘खाण नको’ हे हजार जणांनी लिहिलं तरी इतिवृत्तात एका ओळीत मावतं. अमुक पानावरची मोजणी चुकली आहे, असं म्हटलंत तर कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं.

पर्यावरण आघात अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्रात बघायला मिळतो. मराठीत बहुधा फक्त सारांश असतो, त्यामुळे जाडजूड इंग्रजी अहवाल वाचणं हे तुम्हा चाकरमान्यांचं काम. आधी तपासणीच्या तारखा बघा. खाणीच्या अहवालाला पावसाळा सोडून एकाच हंगामाची मोजणी चालते, आणि कोकणात खरी मेख तिथेच आहे. सड्याच्या कातळातून मुरलेलं पाणी खालच्या झऱ्यांना आणि विहिरींना येतं. वरचा थर काढला की तेच पाणी लाल माती घेऊन वहाळातून थेट खाडीत उतरतं. तिसऱ्या, म्हणजे खाडीतल्या खाण्याच्या शिंपल्या, पाणी गाळून खातात. वर गाळ बसला की गुदमरून मरतात. मे महिन्यात खाडीचं पाणी तपासून जुलैचा गढूळपणा कळणार कसा? हे लेखी विचारा.

मग उपजीविकेचं प्रकरण काढा. अभ्यासक्षेत्र खाणीभोवती 10 किलोमीटरचं धरतात, म्हणजे खाडी त्यात आलीच. तरी तिसऱ्या-कालवं काढणाऱ्या बायका त्यात सहसा नसतात. त्यांच्याकडे ना होडी, ना परवाना. ग्रामसभेच्या ठरावाला वाडीवार यादी जोडा : कोण, महिन्यातून किती ओहोट्यांना जातं, किती वाटे विकतं.

किनाऱ्यावर कासवं अंडी घालत असतील तर वन विभागाकडे घरट्यांच्या नोंदी माहिती अधिकारात मागा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. सुनावणीची नोटीसही किमान 30 दिवसांचीच असते, त्यामुळे अर्ज आजच टाका. अंड्यांतून पिल्लं यायला 45 ते 60 दिवस लागतात आणि ती रात्री उजेडाकडे धावतात. जेटीवर रात्रभर दिवे असणार का, हेही विचारून ठेवा. खाण सड्यावर असली तरी जेटीला सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचा नियम, लागतोच.

लेखी आक्षेप प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सायनच्या मुख्यालयात हातोहात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का नसेल तर आक्षेप दिला होता हे दाखवणार कसं? सुनावणीच्या शेवटी नोंदवलेले मुद्दे मराठीत वाचून दाखवतात. नेमकी तेव्हाच मंडळी एसटी पकडायला उठतात. दोघांना तरी थांबवा. राहिलेला मुद्दा तिथेच घालून घ्यायला लावा.

इतकं करूनही मंजुरी मिळालीच, तर हरित लवादाच्या पुणे खंडपीठात 30 दिवसांत अपील करता येतं. सबळ कारण असेल तर आणखी 60 दिवस मिळू शकतात, त्यापुढे नाही.